हृदयाच्या तपासणीत हृदयाबाहेरची गाठ दिसली तर: शोध, खात्री आणि पुढची पावलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इको (हृदयाची सोनोग्राफी), कोरोनरी सीटी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी), कार्डियाक एमआरआय किंवा न्यूक्लिअर स्कॅन हृदयासाठी केला आणि फुप्फुसात, यकृतात, मेडियास्टिनममध्ये (दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत) किंवा आयव्हीसीत (खालच्या शरीरातलं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेत) गाठ दिसली. ती शोधणं हृदयाची तपासणी वाचणाऱ्याचं काम आहे का? ती खरी आहे की भास, हे कसं ठरवायचं? आणि पुढे नेमकं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. जेवढी प्रतिमा घेतली तेवढी सगळी वाचायची. ‘मला फक्त कोरोनरी विचारल्या होत्या’ हे उत्तर ना रुग्णापुढे टिकतं ना कायद्यापुढे. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कोरोनरी सीटीत हृदयाबाहेरचं काही ना काही साधारण दहापैकी चार जणांत दिसतं. त्यातलं पुढे तपासावं लागेल असं बरंच कमी असतं आणि प्रत्यक्ष कर्करोग निघण्याचं प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागे धावलो तर एकाला वाचवताना कित्येकांना विनाकारण सीटी, बायोप्सी आणि महिनोन्‌महिन्यांची काळजी देऊन बसतो. माझ्या मते गाठ दिसणं हा यातला अवघड भाग नाहीच. दिसलेली गाठ योग्य वजनाने, योग्य मुदतीसह, योग्य माणसापर्यंत पोहोचणं अवघड आहे, आणि चुका होतात त्या तिथेच.

इको

सवय अशी लावा की पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसची (छातीच्या हाडाशेजारून हृदयाच्या लांबीचा व्ह्यू) पहिली क्लिप २० ते २४ सेमी खोलीवर घ्यायची, मग खोली कमी करून नेहमीचं काम सुरू करायचं. पाच सेकंदांचं काम आहे, पण डाव्या एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) मागे काय आहे ते याच क्लिपमध्ये दिसतं. तिथे गोल कापलेली उतरती महाधमनी ही आपली खूण. द्रव तिच्या पुढे, म्हणजे हृदय आणि महाधमनीच्या मधे शिरत असेल तर तो पेरीकार्डियममधला, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीतला. तिच्या मागे असेल तर प्लुरामधला, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणातला. प्लुरातल्या द्रवात तरंगणारं फुप्फुसाचं टोक किंवा प्लुरावरची जाड गाठ खोली कमी ठेवली तर पडद्याबाहेरच राहते.

डाव्या एट्रियमला मागून दाबणारी गोल सावली दिसली की लगेच ‘ट्यूमर’ लिहू नका. सगळ्यात जास्त वेळा ती हायेटस हर्निया असते, म्हणजे छातीत सरकलेलं जठर. खात्री जागच्या जागी होते. रुग्णाला उठवून बसवा, सोडायुक्त पेयाचे चार-पाच घोट द्या आणि तोच व्ह्यू पुन्हा घ्या. सावलीत बुडबुड्यांचा घोळ दिसला तर ते जठर. बुडबुडे दिसले नाहीत तर यादी बदलते: अन्ननलिकेचा ट्यूमर, सबकॅरायनल लिम्फ नोड (श्वासनलिका दुभंगते तिथली लसिकाग्रंथी), ब्रॉन्कोजेनिक सिस्ट (श्वासनलिकेच्या ऊतीची जन्मजात पिशवी), उतरत्या महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम. शेवटच्यासाठी कलर डॉपलर टाका आणि प्रोब नव्वद अंश फिरवा. महाधमनी लांबट होते, गाठ गोलच राहते.

सबकॉस्टल (फासळ्यांखालून घेतलेल्या) व्ह्यूकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि हृदयाबाहेरचं सगळ्यात जास्त तिथेच सापडतं. प्रोबच्या खाली आधी यकृतच येतं. हृदयाकडे जाण्याआधी यकृतावरून एकदा डावीकडून उजवीकडे सावकाश झाडून घ्या. काळी, पातळ भिंतीची, मागे उजळ पट्टा देणारी पोकळी म्हणजे साधी सिस्ट. पांढरी, नीट कडेची गाठ बहुधा हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ). वेगवेगळ्या आकाराच्या अनेक गाठी, त्यांच्याभोवती काळी कडा, तर मेटास्टेसिसचा (दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचा) संशय घ्यायचा. कार्डियाक प्रोबने यकृताचं निदान करायचं नाही. पोटाची रीतसर सोनोग्राफी लागते की नाही, एवढंच ठरवायचं.

यकृत आणि झडपा यांचा एक संबंध मुद्दाम सांगतो. ट्रायकस्पिड (हृदयाच्या उजव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या पाकळ्या जाड, आखडलेल्या, अर्धवट उघड्या अवस्थेत थिजल्यासारख्या, सोबत मोठं रिगर्जिटेशन (रक्त उलटं गळणं), पल्मोनरी झडपही तशीच आणि डावीकडच्या झडपा मात्र जवळपास निरोगी: हे चित्र दिसलं की प्रोब तसाच यकृतावर न्या. कार्सिनॉइड (सेरोटोनिनसारखी रसायनं सोडणाऱ्या) ट्यूमरचे मेटास्टेसिस तिथे असू शकतात. झडपेचं निदान ‘ऱ्हुमॅटिक’ म्हणून लिहून टाकलं तर मूळ रोग पुढचे कितीतरी महिने लपून राहतो. रुग्णाला चेहरा लाल होण्याबद्दल आणि जुलाबांबद्दल विचारा, आणि लघवीतल्या ५-एचआयएएची (सेरोटोनिनपासून बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी सुचवा.

आता आयव्हीसी. उजव्या एट्रियममध्ये गाठ दिसली की ती कुठून आली ते खाली जाऊन पाहिल्याशिवाय प्रोब ठेवायचा नाही. आयव्हीसी लांबीत उघडा, हिपॅटिक व्हेन्सच्या (यकृताच्या शिरांच्या) मुखापर्यंत आणि त्याच्याही खाली जा. किडनीचा कर्करोग रीनल व्हेनमधून आयव्हीसीत आणि तिथून एट्रियमपर्यंत वाढत येतो. यकृताचा कर्करोग हिपॅटिक व्हेनमधून येतो. लहान मुलांत विल्म्स ट्यूमर आणि कोणत्याही वयात अ‍ॅड्रिनल कॉर्टेक्सचा (किडनीवरच्या ग्रंथीच्या बाहेरच्या थराचा) कर्करोग हाच रस्ता धरतो. गर्भाशयाच्या फायब्रॉइडचा इतिहास असलेल्या स्त्रीत लांब, सापासारखी वळवळणारी, भिंतीला फारशी न चिकटलेली गाठ असेल तर इंट्राव्हेनस लियोमायोमॅटोसिस (शिरेतून वाढत जाणारं फायब्रॉइड) डोक्यात ठेवा. साधी गुठळी आणि ट्यूमर थ्रॉम्बस (शिरेत शिरलेला ट्यूमर) यांत फरक करायचा तर तीन गोष्टी पाहा: आयव्हीसी त्या जागी फुगलेली आहे का, गाठीच्या आत कलर सिग्नल मिळतो का, आणि इको कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती उजळते का. कलरची स्केल नेहमीच्या ६०-७० सेमी प्रति सेकंदवर ठेवली तर ट्यूमरमधला संथ प्रवाह दिसणारच नाही. २० च्या आसपास आणा. रक्ताची गुठळी कॉन्ट्रास्टने उजळत नाही. युस्टेशियन व्हॉल्व्ह आणि कियारी नेटवर्क या जन्मजात रचना आहेत, त्यांना गाठ समजू नका. त्या पातळ, पडद्यासारख्या असतात आणि आयव्हीसीच्या तोंडापाशीच उगवतात.

ही खातरजमा होण्याआधी ‘उजव्या एट्रियममधली गुठळी’ म्हणून थ्रॉम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं औषध) सुरू करणं घातक ठरू शकतं. ट्यूमर विरघळत नाही, पण त्याच्यातून रक्तस्राव होऊ शकतो.

समोरच्या मेडियास्टिनममधल्या गाठी (थायमोमा म्हणजे थायमस ग्रंथीची गाठ, लिम्फोमा, टेराटोमा, छातीत उतरलेला थायरॉइड) उजव्या व्हेंट्रिकलला, म्हणजे खालच्या कप्प्याला, आणि पल्मोनरी आर्टरीला पुढून दाबतात. आरव्हीओटीत (उजव्या व्हेंट्रिकलमधून रक्त बाहेर पडण्याच्या मार्गात) अनपेक्षित वेग मिळाला आणि झडप मात्र नीट उघडते आहे, तर प्रोब एक फासळी वर सरकवून आणि सुप्रास्टर्नल खाचेतून पाहा. अशा रुग्णाला आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची: टीईईसाठी (अन्ननलिकेतून करायच्या इकोसाठी) झोपेचं औषध देण्याआधी सीटी आणि अ‍ॅनेस्थेसियाचा सल्ला. मोठी गाठ श्वासनलिकेवर बसलेली असते; रुग्ण स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर ती उघडी ठेवत असतो. स्नायू सैल पडले की श्वासमार्ग मिटतो आणि मग नळी घालूनही तो उघडेलच असं नाही. टीईईचा प्रोब अन्ननलिकेत अडला तरी जोर लावायचा नाही. बाहेर काढा, गिळण्याचा त्रास आहे का ते पुन्हा विचारा आणि एन्डोस्कोपी सुचवा.

कोरोनरी सीटी: इथे सगळ्यात जास्त सापडतं, सगळ्यात जास्त निसटतंही

कोरोनरी वाचण्यासाठी प्रतिमा हृदयाभोवती सुमारे २० सेमीच्या फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये (चौकटीत) तयार केली जाते. ५१२ च्या मॅट्रिक्समध्ये भागाकार केला तर एक पिक्सेल ०.३९ मिमीचा होतो, आणि कोरोनरीसाठी तेवढी बारकाई हवीच. पण किरण मात्र रुग्णाच्या पूर्ण रुंदीतून गेलेले असतात आणि माहिती मशीनमध्ये पडून असते. त्याच कच्च्या डेटातून ३५ ते ४० सेमीचा दुसरा संच काढायला एक कणही जादा रेडिएशन लागत नाही. तो संच प्रोटोकॉलमध्येच बसवून टाका: फुप्फुसांसाठी शार्प कर्नल (बारकावे ठळक करणारी प्रक्रिया), १ ते १.५ मिमी स्लाइस. मऊ ऊतींसाठी २ ते ३ मिमी. कुणीतरी आठवणीने काढेल यावर ठेवू नका. कच्चा डेटा मशीनवर काही दिवसच राहतो, मग आपोआप पुसला जातो, आणि त्यानंतर बाजूच्या फुप्फुसात काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

लांबीच्या दिशेने मात्र जे घेतलं नाही ते नाही. स्कॅन साधारण कॅरायनापासून (श्वासनलिका दुभंगते तिथपासून) डायफ्रामच्या थोडं खालपर्यंत असतो. फुप्फुसांची वरची टोकं त्यात येत नाहीत, आणि फुप्फुसाचा कर्करोग वरच्या लोबमध्येच जास्त होतो. म्हणून रिपोर्टात ‘फुप्फुसांची वरची टोकं या तपासणीत समाविष्ट नाहीत’ हे वाक्य नेहमी हवं. नाहीतर रुग्ण ‘छातीचा सीटी नॉर्मल आला’ असं समजून घरी जातो. यावर काही जण सुचवतात की मग पूर्ण छातीच स्कॅन करून टाकावी. मला ते पटत नाही. डोस वाढतो, आणि ज्याला लक्षण नाही, जोखीम नाही, त्याच्यावर मागच्या दाराने स्क्रीनिंग लादलं जातं. धूम्रपानामुळे कुणी स्क्रीनिंगच्या निकषांत बसत असेल तर त्याला तसं सांगून वेगळा लो-डोस सीटी करावा.

वाचायचा क्रम ठरलेला ठेवा, कारण स्टेनोसिस (अरुंद झालेली जागा) सापडला की डोळा तिथेच अडकतो. मी कोरोनरी उघडण्याआधी मोठा संच वाचावा अशा मताचा आहे. आधी लंग विंडो (फुप्फुस ठळक दिसेल अशी छटांची मांडणी), रुंदी १५००, लेव्हल उणे ६००. सोबत ८ ते १० मिमी जाडीचा एमआयपी (अनेक स्लाइसमधले सगळ्यात उजळ बिंदू एकत्र दाखवणारी प्रतिमा). एमआयपीमध्ये रक्तवाहिनी लांबट होते, नोड्यूल (लहान गाठ) गोल राहतो. हजार स्लाइसमध्ये ठिपके मोजण्यापेक्षा हे जलद आणि खात्रीचं. मग मेडियास्टिनल विंडो, रुंदी ३५० ते ४००, लेव्हल ४०: लिम्फ नोड, थायमसची जागा, अन्ननलिका, स्तन, काख, यकृताचा वरचा भाग, दिसत असतील तर अ‍ॅड्रिनल. शेवटी बोन विंडोत मणके सॅजिटलमध्ये, फासळ्या आणि स्टर्नम. पल्मोनरी आर्टरीतली गुठळीही याच फेरीत दिसते. ती ट्यूमर नाही, पण ती चुकवून चालणार नाही. सुपीरियर व्हेना काव्हात (वरच्या शरीरातलं रक्त हृदयात आणणाऱ्या शिरेत) दाट कॉन्ट्रास्ट असला तर तिथल्या रेषांमागे उजव्या पॅराट्रॅकियल (श्वासनलिकेजवळच्या) बाजूचे नोड झाकले जातात. कॅल्शियम स्कॅन (कोरोनरीतलं कॅल्शियम मोजायचा कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी) केला असेल तर तोच भाग कॉन्ट्रास्टशिवाय पाहा.

कॅल्शियम स्कॅनचा हा उपयोग फार जण करत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. कोरोनरी अँजिओमध्ये डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये २ सेमीची गाठ दिसली, घनता ७० एचयू (सीटीतलं घनतेचं एकक). कॉन्ट्रास्टमुळे या आकड्याला अर्थ नाही. पण कॅल्शियम स्कॅन तिथपर्यंत पोहोचला असेल तर त्यावर त्याच गाठीच्या दोन-तृतीयांश भागावर वर्तुळ ठेवून मोजा. १० एचयू किंवा कमी आणि गाठ एकसारखी असेल तर तो चरबीयुक्त अ‍ॅडिनोमा (निरुपद्रवी गाठ); प्रतिमांचा पाठपुरावा लागत नाही, हार्मोन्सचा विचार मात्र फिजिशियनने करायचा. हाच नियम यकृतातल्या आणि पेरीकार्डियमजवळच्या सिस्टला लावता येतो: ० ते २० एचयू, एकसारखी, पातळ भिंत, तर पाणीच. दोन सावधगिऱ्या आहेत. हे आकडे १२० केव्हीला (एक्स-रे नळीच्या व्होल्टेजला) लागू पडतात, आणि कॅल्शियम स्कॅनमध्ये गोंगाट (प्रतिमेतला दाणेदारपणा) जास्त असल्याने १ सेमीपेक्षा लहान गाठीवर मोजमाप भरवशाचं नसतं. अ‍ॅड्रिनलची गाठ १० एचयूच्या वर असेल तर बायोप्सीची भाषा करण्याआधी प्लाझ्मा मेटानेफ्रिन तपासलेच पाहिजेत. फिओक्रोमोसायटोमात (रक्तदाब वाढवणारे हार्मोन सोडणाऱ्या गाठीत) सुई घातली तर रक्तदाब प्राणघातक पातळीला जाऊ शकतो, आणि हृदयाचा रुग्ण तो झटका सोसू शकत नाही.

फुप्फुसातल्या नोड्यूलसाठी फ्लाइश्नर सोसायटीची (छातीच्या प्रतिमांच्या तज्ज्ञांच्या संस्थेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात. लांबी आणि रुंदी मोजून सरासरी काढायची, जवळच्या पूर्ण मिमीत लिहायची. घट्ट, एकटा नोड्यूल ६ मिमीपेक्षा लहान आणि जोखीम कमी: काही करायचं नाही. जोखीम जास्त: १२ महिन्यांनी सीटी करावा की नाही हे ऐच्छिक. ६ ते ८ मिमी: ६ ते १२ महिन्यांनी सीटी, मग परिस्थिती पाहून १८ ते २४ महिन्यांनी. ८ मिमीपेक्षा मोठा: ३ महिन्यांनी सीटी, किंवा पेट-सीटी (किरणोत्सारी साखर जास्त ओढणाऱ्या पेशी उजळ दाखवणारा स्कॅन), किंवा ऊतीचा नमुना. ग्राउंड ग्लास (धूसर काचेसारखा) नोड्यूल ६ मिमी किंवा मोठा असेल तर ६ ते १२ महिन्यांनी टिकून आहे का ते पाहायचं, मग दर दोन वर्षांनी, एकूण पाच वर्षं. हे फार संथ वाढतात, म्हणून दोन वर्षांत हात झटकायचे नाहीत. अंशतः घट्ट असेल तर मुदत जवळची, ३ ते ६ महिने, आणि आतला घट्ट भाग ६ मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर संशय पक्का.

कार्डियाक सीटीत मात्र छाती अर्धीच दिसलेली असते, आणि त्यासाठी त्याच तत्त्वांत वेगळी सूचना आहे, जी बरेचदा वाचली जात नाही. ६ मिमीपेक्षा लहान असेल तर पुढे काही नाही. ६ ते ८ मिमी असेल तर जोखमीनुसार ३ ते १२ महिन्यांनी पूर्ण छातीचा सीटी. ८ मिमीपेक्षा मोठा किंवा दिसायलाच वाईट, काटेरी कडांचा असेल तर लगेच पूर्ण छातीचा सीटी. हे नियम कोणाला लागू नाहीत तेही रिपोर्ट लिहिताना लक्षात असू द्या: वय ३५ पेक्षा कमी, आधीपासून कर्करोग असलेला, किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली.

काही नोड्यूल तिथल्या तिथे निकालात काढता येतात. आत चरबी (उणे ४० ते उणे १२० एचयू) असेल तर हॅमार्टोमा (निरुपद्रवी गाठ). मधोमध, पूर्ण किंवा थरांमध्ये कॅल्शियम असेल तर जुना ग्रॅन्युलोमा (बऱ्या झालेल्या संसर्गाची खूण). फिशरला (फुप्फुसाच्या लोबमधल्या फटीला) चिकटलेला, त्रिकोणी किंवा भिंगासारखा, गुळगुळीत कडांचा असेल तर फुप्फुसातलाच लिम्फ नोड. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे जुनी फिल्म. घट्ट नोड्यूल दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तेवढाच होता हे दिसलं की विषय संपला. नवीन तपासणी सुचवण्याआधी ‘पूर्वी कधी छातीचा किंवा पोटाचा सीटी झालाय का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वाढ मोजताना एक हिशोब हाताशी ठेवा. गाठीचं आकारमान दुप्पट होतं तेव्हा व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ६ मिमीचा नोड्यूल दुप्पट झाला तरी साडेसात मिमीचा दिसतो. हाताने मोजताना दीड-दोन मिमीचा फरक मोजण्यातच पडू शकतो. त्यामुळे दोन्ही सीटींची स्लाइसची जाडी सारखी, विंडो सारखी आणि मोजणारा शक्य तो एकच असावा. ३ मिमीच्या कॅल्शियम स्कॅनची १ मिमीच्या सीटीशी तुलना करून ‘वाढला’ लिहिणं हे रुग्णाला फुकट घाबरवणं आहे.

यकृताबाबत इशारा असा की कोरोनरी अँजिओ धमन्या भरण्याच्या टप्प्यात घेतलेला असतो. त्या क्षणी यकृतात ठिकठिकाणी उजळ पट्टे दिसतात, ते रक्तपुरवठ्यातला तात्पुरता फरक असतो. प्लीहा तर चट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि ते सामान्य आहे. छोटा, एकदम पूर्ण उजळणारा ठिपका हिमॅन्जिओमा असू शकतो किंवा रक्ताळ मेटास्टेसिसही. एका टप्प्यावरून ठरवता येत नाही. सिऱ्हॉसिस किंवा माहीत असलेला कर्करोग असेल तर थ्री-फेज सीटी किंवा एमआरआय, नसेल आणि गाठ १ सेमीच्या आत असेल तर सहसा सोडून द्यावी.

स्तनात उजळणारी घट्ट गाठ दिसली तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी सुचवा, पुरुषातही. सीटीवरून तिचा स्वभाव ठरवायच्या भानगडीत पडू नका. अन्ननलिकेची भिंत एका बाजूने जाड असेल तर एन्डोस्कोपी. थायमसच्या जागी नीट कडांची गोल गाठ ४०-५० एचयूची असली म्हणून थायमोमाच असं नाही. दाट द्रव असलेली थायमिक सिस्ट अगदी अशीच दिसते. एमआरआय केला तर कित्येकांचं ऑपरेशन टळतं.

हृदयाच्या रुग्णातले खास भास

हार्ट फेल्युअरमध्ये फिशरमध्ये साठलेला द्रव हुबेहूब गाठीसारखा दिसतो: भिंगाचा आकार, दोन्ही टोकं फिशरमध्ये निमुळती, घनता पाण्याची. डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) दिल्यावर काही दिवसांत ती नाहीशी होते. हार्ट फेल्युअरमध्ये मेडियास्टिनमचे लिम्फ नोडही सुजतात, शॉर्ट अ‍ॅक्सिस १ सेमीच्या वर सहज जातो. फुप्फुसात पाणी असताना काढलेल्या सीटीवरून नोडची बायोप्सी ठरवू नये; पाणी उतरवा, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पाहा. अ‍ॅमिओडेरोन (हृदयाची लय सांभाळणारं औषध) बराच काळ घेणाऱ्याच्या फुप्फुसात दाट गाठी होऊ शकतात आणि त्या पेटमध्येही उजळतात. कॉन्ट्रास्टशिवायच्या स्कॅनवर यकृतही नेहमीपेक्षा दाट दिसत असेल तर औषधांची यादी मागवा. क्षयाच्या आणि इतर ग्रॅन्युलोमांच्या गाठीही पेटमध्ये तितक्याच जोमाने उजळतात. ‘पेट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण चुकीचं आहे.

एमआरआय आणि न्यूक्लिअर स्कॅन

एमआरआयमध्ये लोकलायझर हे फक्त प्लेन आखण्यासाठी असतात असं समजून ते न वाचता पुढे जाणं हीच मुख्य चूक. छाती आणि वरच्या पोटाचा सगळ्यात मोठा भाग त्यांच्यातच दिसतो. त्याला जोडून संपूर्ण छातीचा आडव्या स्लाइसचा ब्लॅक ब्लड किंवा एसएसएफपी (रक्त काळं किंवा उजळ दाखवणाऱ्या पद्धतींचा) संच, ६ ते ८ मिमी जाडीचा, घ्यावा. एक-दोन मिनिटांत होतो. एसएसएफपीमध्ये द्रव पांढरा दिसतो, म्हणून सिस्ट लगेच उठून दिसतात, पण पांढरी म्हणजे सिस्टच असं गृहीत धरू नका. गॅडोलिनियमनंतरच्या (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टनंतरच्या) प्रतिमेत ती उजळली नाही तरच सिस्ट. फील्ड लहान ठेवल्यास हात किंवा पाठीचा भाग गुंडाळून विरुद्ध बाजूला फुप्फुसात गाठीसारखा उमटतो. फेजची दिशा बदलून पुन्हा घेतलं की तो सरकतो. आणि फुप्फुसातले ५-६ मिमीचे नोड्यूल एमआरआयमध्ये बहुधा दिसतच नाहीत, तेव्हा ‘फुप्फुसं स्वच्छ’ असं एमआरआयच्या रिपोर्टात लिहू नये.

सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिनच्या (किरणोत्सारी ट्रेसरच्या) न्यूक्लिअर स्कॅनमध्ये रिकन्स्ट्रक्शनआधी फिरती रॉ इमेज पूर्ण पाहा. हे ट्रेसर मायटोकॉन्ड्रिया भरपूर असलेल्या पेशींत साठतात. फुप्फुस, स्तन, लिम्फोमा, थायमोमा, पॅराथायरॉइड अ‍ॅडिनोमा यांत ते जमा होऊ शकतात. यकृत, पित्ताशय, आतडी, किडनी, थायरॉइड इथला साठा सामान्य आहे. काखेतला ठिपका दिसला तर इंजेक्शन कोणत्या हाताला दिलं ते आधी पाहा. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर त्याच बाजूच्या नोडमध्ये ते साठतं. अ‍ॅटेन्युएशन करेक्शनचा (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची भरपाई करण्यासाठीचा) लो-डोस सीटी हाही सीटीच आहे, तो लंग विंडोत उघडून पाहावा.

उपचार ठरवताना

गाठीची बातमी स्टेंट टाकण्याआधी हाती असावी, नंतर नव्हे. ड्रग-इल्यूटिंग (औषध सोडणाऱ्या) स्टेंटनंतर दोन अँटिप्लेटलेट (गुठळी होऊ न देणारी) औषधं स्थिर रुग्णात साधारण ६ महिने आणि हार्ट अटॅकनंतर १२ महिने द्यावी लागतात. त्या काळात लंग बायोप्सी किंवा कर्करोगाचं ऑपरेशन आलं तर एकीकडे रक्तस्राव, दुसरीकडे स्टेंट बंद पडण्याचा धोका. स्थिर अँजायना असलेल्या माणसात ८ मिमीपेक्षा मोठा, काटेरी नोड्यूल दिसला असेल तर अँजिओप्लास्टी काही आठवडे थांबवून आधी गाठीचा निकाल लावणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं; औषधांवर ठेवायचं की बायपास करायचं, हाही विचार बदलू शकतो. हार्ट अटॅक चालू असेल तर अर्थातच रक्तवाहिनी आधी. टॅव्हीच्या (कॅथेटरने एऑर्टिक झडप बसवण्याच्या) सीटीत छातीपासून मांडीपर्यंत सगळं येतं आणि वय मोठं असतं, त्यामुळे गाठी वारंवार सापडतात. तिथे प्रश्न एवढाच विचारायचा: या गाठीमुळे आयुर्मान झडपेपेक्षा आधी संपणार आहे का? नसेल तर झडप थांबवू नका. गंभीर एऑर्टिक स्टेनोसिस तसाच ठेवून कर्करोगाचं मोठं ऑपरेशन करणं जास्त धोक्याचं असतं.

रिपोर्ट आणि निरोप

‘क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो’ हे वाक्य अशा ठिकाणी निरुपयोगी आहे, कारण त्यातून कुणालाच काही करायला सांगितलेलं नसतं. गाठ कुठे, कोणत्या सीरीजच्या कितव्या स्लाइसवर, किती मिमी, कशी दिसते, काय असण्याची शक्यता जास्त, कोणती तपासणी आणि कधीपर्यंत, हे सगळं लागतं. उदाहरणार्थ: ‘उजव्या लोअर लोबमध्ये ९ मिमीचा घट्ट, अनियमित कडांचा नोड्यूल, सीरीज ६, स्लाइस ११२. फुप्फुसांची वरची टोकं दिसलेली नाहीत. पूर्ण छातीचा सीटी या आठवड्यात करावा.’ हे निष्कर्षाच्या भागात यायला हवं. वर्णनाच्या चौथ्या परिच्छेदात गाडलेली गाठ कुणी वाचत नाही. उलट, साध्या सिस्ट आणि ४ मिमीचे नोड्यूल निष्कर्षात घालू नका. तिथे आलेली प्रत्येक ओळ रुग्णाला आजार वाटते.

कर्करोगाचा संशय असेल तर त्याच दिवशी पाठवणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोला आणि कोणाशी, किती वाजता बोललात ते रिपोर्टात नोंदवा. बिघाड इथे होतो: कार्डिऑलॉजिस्ट समजतात की फॅमिली डॉक्टर पाहतील, फॅमिली डॉक्टरांकडे फक्त ‘कोरोनरी नॉर्मल’ पोहोचलेलं असतं, आणि रुग्णाला तर तपासणी चांगली आली एवढंच माहीत असतं. विभागात एक साधी वही किंवा संगणकातली यादी ठेवा: नाव, गाठ, ठरलेली तारीख, जबाबदार डॉक्टर, तपासणी झाली की नाही. महिन्यातून एकदा ती एका ठरलेल्या माणसाने पाहायची.

रुग्णाला सांगताना शब्द टाळू नयेत आणि वाढवूही नयेत. ७ मिमीचा नोड्यूल असेल तर असं सांगता येतं: ‘हृदयाची तपासणी करताना फुप्फुसात एक लहान गाठ दिसली आहे. एवढ्या आकाराच्या बहुतेक गाठी जुन्या संसर्गाच्या खुणा असतात. पण ती वाढत नाही ना हे पाहायला सहा महिन्यांनी एक सीटी लागेल, त्याआधी करून उपयोग नाही, कारण एवढ्यात झालेला बदल मोजता येणार नाही.’ तारीख कागदावर लिहून द्या, आणि पातळ स्लाइसच्या प्रतिमांची प्रत रुग्णाकडे द्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर स्कॅन झाला तरी तुलना होईल ती त्या १ मिमीच्या मूळ प्रतिमांशीच. छापील फिल्मवरच्या चार चित्रांवरून कुणालाच काही ठरवता येत नाही.